काही होत नसतानाच तपासणी

गटाच्या बैठकीत आम्ही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचा विषय काढला की तीन उत्तरं ठरलेली असतात. "मला काही होत नाही, मी कशाला जाऊ?" "तिथं लाज वाटते." आणि तिसरं हळूच येतं, "पिशवीच काढायला सांगितली तर?" आज या तिन्हींबद्दल बोलू.

आधी पहिलं. हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्या अंगात तो वर्षानुवर्षं राहतो आणि पिशवीच्या तोंडाशी बिघाड सुरू होतो. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. त्या काळात दुखत नाही, खुपत नाही. धान्याला भुंगा लागायच्या आधीच आपण ऊन देतो ना? तसंच हे. काही होत नाही, तीच तपासणीची वेळ. आणि हा विषाणू सापडला म्हणून कुणाच्या वागण्यावर बोट ठेवायचं नाही. लग्न झालेल्या कुठल्याही बाईला तो होऊ शकतो.

आता लाजेचं. तपासणी पडद्याआड होते. आतलं दिसावं म्हणून एक उपकरण घालतात, थोडं ताणल्यासारखं वाटतं. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून एक मिनिट थांबतात. पांढरा डाग उठतो का, ते बघतात. सुई नाही, कापाकापी नाही. तपासणारी बाईच हवी, सोबत मैत्रीण हवी, असं आपण सांगू शकतो. पाळीचे दिवस तेवढे टाळा.

एवढ्याशा तपासणीनं काय होतं, असं वाटेल. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून हेच काम केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी सुमारे ७५ हजार बायकांना दर दोन वर्षांनी ही तपासणी देऊ केली. जिथं नुसती माहिती दिली होती, त्या वस्त्यांपेक्षा इथं या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तिसरी भीती पिशवीची. पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. पुढच्या तपासणीत बिघाड ठरला, तरी लहान असेल तर तेवढीच जागा गोठवून किंवा शेकून बरी करतात, पिशवी राहते. तपासणी न करताच कुणी पिशवी काढायला सांगितली, तर रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या बायका अडतात त्या खरं तर इथं. डाग दिसला, पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली, पण एस.टी.चं भाडं, बुडणारी मजुरी आणि सोबतीला कोण, यात चिठ्ठी डब्यातच राहते. तपासणी झाली आणि उपचार राहिले, तर त्या तपासणीचा उपयोग काय? म्हणून आम्ही प्रत्येक गटाला सांगतो: खत-बियाण्याला अंतर्गत कर्ज देतो, तसं या चिठ्ठीलाही द्या. आणि सोबत जाणारीचं नाव त्याच बैठकीत ठरवा.

सरकारी नियमाप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बाईनं दर पाच वर्षांनी ही तपासणी करायची असते. नसबंदी झाली असली, पाळी गेली असली, तरीही. आपल्या आशाताईंना विचारा, उपकेंद्रात की प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुठल्या वारी होते. मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट बघू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.

या महिन्याच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत एक पान राखा. नाव, तपासणीची तारीख, आणि चिठ्ठी मिळाली असेल तर पुढे गेल्याची तारीख. हप्ता चुकला की आपण लगेच विचारतो. ही तारीख चुकली, तरी तितक्याच हक्कानं विचारूया.