बिनकवाडांचें गांव आणि घरांतली कचेरी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यांतील शनिशिंगणापूर हें गांव ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तेथील बिनकवाडांच्या घरांचें नवल वाटल्यावांचून राहिलें नसेल. शनिदेवावरील श्रद्धा आणि शेजाऱ्यावरील विश्वास ह्यांच्या बळावर चौकटीला कवाड न लावण्याची ही चाल टिकली. २०११ सालीं यूको बँकेनें तेथें शाखा उघडली, तेव्हां मोठा पेंच पडला. गांवची रीत मोडावयाची नाहीं आणि ठेवीदारांचा पैसाही उघड्यावर टाकावयाचा नाहीं! बँकेनें काचेचें दार बसविलें. कुलूप मात्र दर्शनीं ठेवलें नाहीं. विश्वास आणि खबरदारी ह्यांची ती तडजोडच होय.

अशीच तडजोड आज शहरांतील कचेऱ्यांपुढें आहे. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें टाळेबंदी आली आणि पुण्याजवळील हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांचें काम घरोघरच्या जेवणाच्या मेजांवर येऊन बसलें. नोकरदाराचा प्रवास वांचला. वृद्ध आईबापांजवळ गांवीं राहून काम करतां येऊं लागलें. त्याच वर्षीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें असा मानस जाहीर केला कीं, २०२५ पर्यंत एका वेळीं पाव हिश्श्याहून अधिक माणसांनीं कचेरींत असण्याची गरज उरूं नये. परंतु २०२३ सालीं त्याच कंपनीनें आठवड्याचे पांचही दिवस कचेरींत येण्यास सांगितलें.

ह्यांत केवळ संशय नाहीं. नवशिका मनुष्य शेजारच्या जाणत्याकडे पाहून शिकतो. ती विद्या पडद्यावरून पुरी येत नाहीं. म्हणूनच कांहीं दिवस घरीं व कांहीं दिवस कचेरींत, ही मिश्र पद्धत विचारार्ह ठरते. चीनमधील ट्रिप डॉट कॉम कंपनींत १,६१२ जणांवर तिचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ सालीं ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध झाले. आठवड्यांतून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांत राजीनामे एकतृतीयांशानें घटले आणि कामाचा दर्जा उतरला नाहीं. आरंभीं साशंक असलेल्या अधिकाऱ्यांचें मतही अखेरीस पालटलें.

तथापि एक प्रश्न उरतोच. स्वयंपाकघरांत कुकर, कानांत वरिष्ठांचा आवाज आणि रात्रीं दहालाही निरोप, अशी स्थिति झालेल्या गृहिणीच्या घरालाही जणूं कवाड राहत नाहीं. शिंगणापूरकरांनीं कवाडें लावलीं नाहींत, तीं स्वखुषीनें. नोकरदाराच्या घराचें कवाड मात्र त्याला न विचारतां कोणीं काढूं नये. दिवस किती ठरवावे हें कचेरीनें पाहावें. परंतु काम कोणत्या वेळीं थांबेल, हेंही तिनें त्याच वेळीं ठरवून द्यावें. विश्वास दोन्ही बाजूंनीं असला, तरच तो टिकतो.