तीजेला आलेला भाऊ
(सिविक सेंटर, भिलाई येथे सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



मंडळाच्या कर्त्या मंडळींचे स्मरण आज होईलच. आम्हांस मात्र मंडळाचे सभासद नसलेल्या एका शेजाऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाईचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे आपणांस मुखोद्गत आहे. ज्यांच्या भातखाचरांवर हे वैभव उभे राहिले त्यांची आठवण आपण त्या मानाने कमीच काढतो. रिसालीच्या बाजूस, आमच्या क्वार्टरमागे राहणारे ममा त्यांपैकी एक. बरीचशी जमीन कारखान्यात गेलेली. उरलेल्या तुकड्यात ते भात आणि बांधावर तूर काढीत.

१९७८ च्या पावसाळ्यात आमचे वडील विषमज्वराने अंथरुणास खिळले. भर रात्री, पावसात, त्यांना सायकलवर बसवून ममांनीच इस्पितळात नेले. पुढे महिनाभर रोज सकाळी आमच्या दाराशी तांदूळ, लाल भाजी, कधी दूध येई. शिजवलेले असे काही मात्र कधीच आले नाही. आमच्या आजीचे सोवळे कडक. तिने ममांना शब्दाने कधी दुखविले नाही. पण त्यांना पाणी द्यावयाचा पेला बाहेरच्या कोनाड्यात निराळा ठेवलेला असे. तो पेला ममांनी पाहिला होता.

त्याच वर्षी पोळ्याला ते आम्हां मुलांसाठी मातीचे नंदिया बैल घेऊन आले. (इकडे पोळ्यास पोरा म्हणतात. आपल्या पंचांगात ती श्रावण अमावास्या, इकडे भाद्रपदाची, दिवस एकच.) बैल आमच्या हाती देऊन ते आईस म्हणाले, "तीजा लेगे बर आए हंव, बहिनी."

आपली हरतालिका तीच इकडची तीजा. छत्तीसगडात त्या सणास भाऊ बहिणीला माहेरी न्यावयास येतो, लुगडे देतो. आमच्या आईला भाऊ नव्हता. आजीने मान वर केली नाही. आईने पदर सावरला आणि म्हणाली, "चला."

उपवासाच्या आदल्या रात्री तेथे 'करू भात' असतो, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. ममांच्या अंगणात पंगतीला बसून आई तो पोटभर जेवली. आम्हीही जेवलो, कारले पानात टाकले, ही गोष्ट वेगळी. घरी परतलो तेव्हा कोनाड्यातील पेला आतल्या फळीवर, आमच्या पेल्यांत मांडलेला होता. त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही. त्यानंतर दर तीजेला आईचे माहेर ठरून गेले.

पुढे केंद्र सरकारच्या चाकरीत आमच्या बदल्या होत राहिल्या. ममा गेले तेव्हा आम्ही गुवाहाटीस होतो. येणे शक्य होते, आलो नाही. आईने सख्ख्या भावाप्रमाणे तीन दिवस सुतक पाळले. आम्ही पत्र पाठविले, आणि तेही सवयीने मराठीत. त्यांच्या नातीने अक्षर लावून ते घरच्यांना वाचून दाखविले, असे आईने पुढे कळविले.