भटारखान्यांतील हवा

पावसाळ्यांत एखाद्या रविवारीं कामशेत स्टेशनावर उतरून बेडसे येथील लेणीं पाहावयास गेलेली मंडळी दुपारीं ओलीचिंब होऊन परतते, तेव्हां तिला शिल्पापेक्षां गरम भजीं व चहा यांचीच ओढ अधिक असते. यांत गैर कांहींच नाहीं. मात्र ज्या खोलींतून भज्यांची बशी येते, त्या खोलींत कोणी डोकावून पाहात नाहीं. ती खोली, म्हणजे उपाहारगृहाचा भटारखाना, आणि तेथील हवा हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बेडशाच्या चैत्यगृहास तीन बाजूंनीं डोंगर आहे. उजेड व वारा काय तो पूर्वेकडील तोंडानेंच यावयाचा. पण तें तोंड दुहेरी आहे. खालीं दार, वर घोड्याच्या नालासारखी भव्य खिडकी. दोन हजार वर्षांपूर्वींच्या कारागिरांनीं ती उजेडासाठीं व शोभेसाठीं कोरली असेल. तथापि ऊन हवा वरून निघून जावी व थंड हवा खालून आंत यावी, यास जें लागतें तें तेथें आयतेंच आहे. मावळांतील जुन्या घरांतही चुलीच्या वर छपरास साणें असे आणि दाराखालून वारा येई. डोळ्यांत धूर गेला कीं वाट ठेवणें भागच पडे. धूर हा मोठा कडक मास्तर होता. गॅस आला, मास्तर रजेवर गेला, आणि साणीं बुजलीं.

गॅस धूर करीत नाहीं, म्हणून तो हवा मागत नाहीं असें मात्र नव्हे. उपाहारगृहांत येणारा सिलिंडर १९ किलोंचा असतो. तेवढा गॅस नीट जळावयास दोनशें घनमीटरांहून अधिक हवा लागते. म्हणजे १२ फूट लांब, १० फूट रुंद व तितक्याच उंच अशा सहा-सात खोल्या भरतील इतकी. त्यांतून ५५ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड आणि सुमारें ३० लिटर पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. कढईची वाफ व तेलाचे कण निराळेच.

हवा अपुरी पडली कीं निळी ज्योत पिवळी होते, भांड्यांचीं बुडें काळीं पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्यास ना रंग, ना वास. गळणारा गॅस ओळखूं यावा म्हणून त्यांत मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो. या विषास तीही सोय नाहीं. रक्तांतील लाल द्रव्य प्राणवायूपेक्षां त्यास दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून बसतें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, घेरी येते. आचारी म्हणतो, पित्त झालें. आणि सुंठसाखर खाऊन पुन्हां कढईपुढें उभा राहतो. परंतु बाहेर मोकळ्यावर गेल्यावर तेंच डोकें उतरत असेल, आणि शेजारीं भांडीं घासणाऱ्या पोरासही तसेंच होत असेल, तर दोष पित्ताचा नव्हे.

लोणावळ्याकडे वर्षाकाठीं सुमारें ४ मीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिमेकडून झड आली कीं भटारखान्याच्या खिडकीवर ताडपत्री बांधली जाते, मागचें दार लोटलें जातें. नेमकी त्याच रविवारीं गिऱ्हाइकांची झुंबड, आणि सर्व शेगड्या एकदम पेटलेल्या!

मालक मोठा पंखा बसवितो व निश्चिंत होतो. पंखा हवा बाहेर टाकतो खरा, पण आंत येण्यास वाट नसेल तर तो नुसता फिरत राहतो. इतकेंच नव्हे, शेजारीं कोळशाची भट्टी असेल तर तिच्या धुराड्यांतून धूर उलट खालीं ओढला जातो. यासाठीं समोरच्या भिंतींत, वळचणीखालीं, तिरप्या झडपांची खिडकी असावी. पाऊस अडतो, वारा येतो. कांहीं हवा जेवणाच्या दालनांतून आली तर उत्तमच, म्हणजे फोडणीचा वास गिऱ्हाइकाकडे जात नाहीं. शेगडीवरचें पत्र्याचें छत्र तिच्या कडांपेक्षां वीतभर तरी पुढें असावें, आणि त्यांतील जाळ्या वरचेवर धुवाव्या. नळींत साचलेलें तेल पेट घेतें. जमिनीलगतही एक झरोका हवा, कारण हा गॅस हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें गळल्यास खालींच साचतो.

इंग्लंडांतील अशा भटारखान्यांत पंखा थांबला कीं गॅसही आपोआप बंद व्हावा, अशी जोड केलेली आढळते. आपल्याकडे भर पावसांत वीज जाते, पंखा थांबतो, शेगड्या मात्र जळतच राहतात. अशी जोड नसेल तेथें आचाऱ्यानेंच उठून निम्म्या शेगड्या विझवाव्या आणि मागचें दार सताड उघडावें. पावसाचे चार शिंतोडे आंत येतील, भजीं दहा मिनिटें उशिरां होतील.