हिशेबाच्या खिडक्या



फायरवॉल हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असा प्रश्न पत्रक वाचून काहींना पडला असेल. पूर्वी कारखान्याचा हिशेब समजून घ्यायचा तर हेडक्लार्कच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे पाहावे लागे. आता उसाचे वजन, साखरेचा उतारा, हजेरी, ओव्हरटाइम हे सारे एका सर्व्हरवर जमा होते आणि तेथून त्याचे तक्ते निघतात. त्या सर्व्हरपाशी कोणी जावे हे फायरवॉल ठरवते. निदान आम्हांला तसे सांगण्यात येते.

यंत्र एकच असले तरी त्याला नंबर घातलेल्या पुष्कळ खिडक्या असतात. 65535 पर्यंत नंबर जातात. त्यांना पोर्ट म्हणतात. पोस्टात एका खिडकीवर तिकिटे मिळतात, दुसरीवर बचतखात्याचे काम होते, तसेच हे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घेतला तर मूळ नोंदी 1433 वर, विश्लेषणाचा विभाग 2383 वर, आणि ब्राउझरमध्ये वाचायचे अहवाल 80 वर, किंवा लिफाफा बंद करून पाठवायचे असतील तर 443 वर. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला कोणत्या खिडकीशी सोडायचे, एवढे त्याच्या कागदावर लिहिलेले असते.

मग एके दिवशी तक्ता उघडत नाही अशी तक्रार येते, आणि कोणीतरी घाईने पहारेकऱ्यालाच घरी पाठवतो. तक्ता उघडतो, सगळे खूश! हा शुद्ध आळस होय. अहवाल वाचणाऱ्याला 443 पुरे. 1433 ही खिडकी अहवाल तयार करणाऱ्या यंत्रापुरतीच उघडावी, तीही त्याचा पत्ता लिहून. बाहेरगावच्या लेखापरीक्षकाला व्हीपीएनच्या बंदिस्त वाटेने आणावे.

याच सर्व्हरची 1434 ही चौकशीची खिडकी आहे. अमुक विभाग कोणत्या खिडकीवर बसतो एवढेच ती सांगते. 25 जानेवारी 2003 रोजी तिच्यातून ‘स्लॅमर’ नावाचा किडा शिरला. अवघा 376 बाइटांचा जीव, पण दहा मिनिटांत त्याने जगभरची सापडण्याजोगी बहुतेक यंत्रे गाठली. एकूण सुमारे 75,000. दोषावरची दुरुस्ती जुलै 2002 मध्येच प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी विभागांना कायमचे नंबर दिले होते, त्यांना ही खिडकी बाहेरच्या जगाला उघडण्याचे कारणच नव्हते.

बाहेरची भिंत मात्र पुरी पडत नाही. 27 जून 2017 रोजी न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलचे कामकाज ‘नॉटपेट्या’मुळे विस्कळीत झाले. हे विष युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून, म्हणजे विश्वासाच्या दारातून, मर्स्क कंपनीच्या यंत्रांत गेले होते. आत शिरल्यावर पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक होती 445, फायली वाटून घेण्याची खिडकी. घरातल्या घरात ती उघडी असते आणि तिकडे कोणी पाहत नाही. म्हणून हजेरीची यंत्रे आणि हिशेबाचा सर्व्हर यांच्यामध्येही पहारेकरी हवा.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. एका कारखान्यात वाटाघाटीच्या वेळी आम्ही ओव्हरटाइमचा तक्ता मागितला. उत्तर मिळाले, “फायरवॉल देत नाही.” शनिवारी येथल्या बाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी बैलाचे पैसे मोजत नाही, पण यंत्राचे नाव निघाले की तोच शहाणा माणूस मान डोलावतो. अहो, त्या कचेरीत 443 सगळ्यांना उघडी होती! पहारेकऱ्याने कोणाला अडवलेच नव्हते. आत गेल्यावर कोणाला कोणता तक्ता दिसावा, ही परवानगी अहवालाच्या सर्व्हरवर देतात आणि ती माणूस देतो. आम्ही एकही पोर्ट उघडायला सांगितले नाही. आमच्या दोन प्रतिनिधींना तो एक तक्ता वाचण्यापुरती परवानगी द्या, आणि ती नाकारायची तर नाकारणाऱ्याने खाली सही करावी, एवढेच म्हटले.

सही करायला कोणी पुढे येईना. तीन बैठका अशाच गेल्या. चौथ्या बैठकीत तक्ता आला, कागदावर छापून. त्यात रविवारच्या तासांचा रकाना नव्हता. तो आम्ही मागितला आहे.