थेंब गळतो, इंजिन जळते



आपल्या वरठीच्या शिवारात धानाच्या बांध्या आहेत. पावसाने ओढ दिली की विहिरीवरचे डिझेल इंजिन धान वाचवते. त्याच इंजिनाखाली तेल ठिबकत होते. आम्ही म्हणालो, "थोडंसंच आहे, राहू द्या!" ऐन धान निसवताना इंजिन अडकले. आतले तेल संपले होते. तेलावाचून बेअरिंग जळाले. दुरुस्ती होईपर्यंत बांध्या सुकल्या.

तेव्हापासून आम्ही काय करतो, ते ऐका.

इंजिन बंद करून थंड होऊ देतो. फडक्याने स्वच्छ, कोरडे पुसतो. खाली कागद पसरतो. मग थोडा वेळ चालवून पाहतो. पदर, धोतर चाकापासून दूर ठेवायचे बरं का! तेल वर गळते आणि ओघळून खाली ठिबकते. म्हणून जिथे पहिला ओलावा दिसेल, तीच गळतीची जागा.

झाकणाचे नट सैल असतील, तर इंजिन बंद करून पान्याने आवळावे. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळावे. फार जोर लावू नये, आटे जातात. पॅकिंग फाटले असेल, तर नवे घालावे. तेल जास्त भरले तरी गळते. मोजपट्टीच्या दोन खुणांमध्येच ते असावे. दांड्याजवळचे सील गळत असेल, तर मिस्त्रीला बोलवावे.

गळलेले तेल डब्यात धरावे. विहिरीत, बांधीत जाऊ देऊ नये.

रोज इंजिन सुरू करण्याआधी मोजपट्टी पाहावी. एवढ्याने इंजिन वाचते, धानही वाचते.