गाण्यांतला ‘मी’

चैत्र जवळ आला कीं नारायणगांवांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगांवकडील आणि दूरदूरच्या गांवांचे कारभारी तेथें येतात, ग्रामदैवताच्या जत्रेसाठीं फड ठरवितात व सुपारी देऊन परततात. तेथून थोड्याच कोसांवर शिवनेरी आहे. शिवजयंतीला त्या परिसरांत डफ कडाडतो व पोवाडा घुमतो. डफाच्या नादानें ज्या सुशिक्षित घरांतील माणसांची छाती फुगते, त्याच घरांत ढोलकीचें नांव निघतांच कपाळाला आठी पडते. एक कला वीरांची आणि दुसरी चवचालांची, अशी वांटणी तेथें होऊन गेलेली असते.

वस्तुतः पोवाडा आणि लावणी हीं सख्खीं भावंडें आहेत. १६५९ मधील अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासानें आणि १६७० मधील सिंहगडाच्या लढाईवर तुळशीदासानें पोवाडे रचले. पुढें पेशवाईंत अनंत फंदी, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनीं पोवाडेही रचले व लावण्याही रचल्या. तुणतुणें दोहोंना लागतें. दोहोंत मुख्य गाणारा कथा पुढें नेतो व मागचे साथीदार धृपद उचलून धरतात. अखेरच्या कडव्यांत कवि आपलें नांव गुंफतो, तीही रीत एकच.

भेद आहे तो सर्वनामाचा. पोवाडा ‘तो’ म्हणतो. लावणी पुष्कळदां ‘मी’ म्हणते. परंतु हा ‘मी’ कोणाचा? शृंगारिक लावण्यांतील नायिकेचे शब्द बहुधा पुरुषांनीं लिहिलेले असत, आणि पूर्वीं फडावर ते स्त्रीवेष घेतलेला नाच्या पोऱ्या म्हणे. स्त्रीच्या तोंडच्या असंख्य लावण्या लिहिणारे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे कुळकर्ण्याच्या घरांत जन्मलेले गृहस्थ होते. अर्थात् तो ‘मी’ म्हणजे कथेसाठीं घेतलेलें सोंग होय. तें सोंग खरें मानणें हा ऐकणाऱ्याचा दोष.

हाच घोटाळा अमेरिकेंतही झालेला दिसतो. तेथील गोऱ्या खेडुतांचें ‘कंट्री’ संगीत १९२७ सालीं ब्रिस्टल गांवीं झालेल्या ध्वनिमुद्रणांनीं प्रसिद्धीस आलें. ‘हिप-हॉप’ १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील कृष्णवर्णीय तरुणांत जन्मलें. श्रोते निराळे, वाद्यें निराळीं. परंतु दारिद्र्य, तुरुंग, आईची आठवण, हातून घडलेला अपराध आणि आपल्या गांवाचें वा गल्लीचें नांव हें कथेचें भांडवल एकच. जॉनी कॅश या कंट्री गायकानें १९५५ सालीं एका खुनी कैद्याच्या मुखानें गाणें म्हटलें. स्वतः त्यानें तुरुंगवासाची शिक्षा कधीं भोगली नव्हती, आणि त्या गाण्याला कबुलीजबाब कोणी मानलें नाहीं. हिप-हॉपमधील तरुणांचीं ‘रॅप’ गाणीं मात्र त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयांत वाचलीं गेलीं. त्यास आळा घालण्यासाठीं कॅलिफोर्निया राज्याला २०२२ सालीं कायदा करावा लागला.

सोंग आणि माणूस यांत अंतर किती असतें, हें नारायणगांवानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. भाऊ-बापूंच्या फडाच्या घराण्यांतील विठाबाई नारायणगांवकर (१९३५–२००२) यांची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असतांना त्या फडावर नाचत होत्या. मध्येंच कळा आल्या. त्या आंत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुन्हां प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. प्रकार कळतांच प्रेक्षकांनीं हात जोडले व त्यांना विश्रांति घ्यावयास सांगितलें. गाण्यांतली ती नखरेल नायिका कोठें, आणि बिऱ्हाडाच्या पोटासाठीं उभी राहिलेली ही आई कोठें! राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव होऊनही त्यांचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नांवानें जीवनगौरव पुरस्कार देतें.

पुरस्कार द्यावा, हें योग्यच. परंतु तो कलावतीच्या हयातींत दिलेल्या मानाची जागा घेऊं शकत नाहीं. पोवाडा गाणाऱ्यानेंच खानाचा कोथळा काढला, असें आजवर कोणी म्हटलें नाहीं. गाणारा वेगळा व गाण्यांतील माणूस वेगळा, हा साधा न्याय शाहिराला सहज मिळतो. ढोलकीवर पाऊल टाकणारीलाही तोच मिळाला, तर नारायणगांवच्या राहुट्यांकडे पाहणाऱ्या नजरा आपोआप बदलतील.