तेरा विजयांनंतर



चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'बेसबॉल' असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नंतर अत्यंत सौजन्याने विचारणा झाली की, हा विषय श्रोत्यांच्या उपयोगी पडेल ना? आम्ही म्हटले, पडेल की नाही ते श्रोतेच ठरवतील. पण चांगली सुरुवात टिकते का, हा प्रश्न दुकान घालणाऱ्यालाही पडतो, सुनेच्या पहिल्या महिन्याच्या स्वयंपाकाचे कौतुक करणाऱ्या सासूलाही पडतो, आणि बेसबॉलवाल्यांनी तर त्याचे शंभराहून अधिक वर्षांचे चोख हिशेब ठेवले आहेत. हिशेब जिथे चोख असेल तिथे विचार करायला जावे, एवढाच आमचा हेतू आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एक गडी चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. दुसरा गोल दांडक्याने तो मारतो. प्रत्येक बाजूला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. दहा वेळा प्रयत्न करून तीन वेळा ज्याचा फटका सुरक्षित पडतो त्याला तेथे मोठा फलंदाज समजतात. म्हणजे सातदा अपयश ठरलेलेच. संघांचेही तसेच आहे. एप्रिलच्या सुमारास हंगाम सुरू होतो, सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना, असे 162 सामने होतात. आणि उत्तम संघदेखील त्यांतले साठएक सामने हरतो. आपल्या मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत रणजी करंडक सलग पंधरा वर्षे जिंकला. असला प्रकार बेसबॉलवाल्याला परीकथेसारखा वाटेल. त्यांच्याकडे शंभरात साठ जिंकणारा शूर आणि चाळीस जिंकणारा दुबळा. साऱ्या जगाची उलथापालथ या वीस सामन्यांच्या पट्ट्यात होते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 1987 सालच्या वसंतात या. मिल्वॉकी हे मिशिगन सरोवराकाठचे शहर. तिथल्या संघाचे नाव ब्रूअर्स, म्हणजे बिअर गाळणारे. (शहराचा तो जुना व्यवसायच आहे, आम्ही नाव ठेवलेले नाही.) आदल्या वर्षी या संघाने 77 सामने जिंकले होते आणि 84 हरले होते. कोणी त्यांच्याकडून फारसे काही मागत नव्हते. आणि हा संघ एप्रिलमध्ये जिंकतच सुटला. 15 एप्रिलला हुआन नीव्हेस या पोर्तो रिकोच्या तरुण पिचरने बाल्टिमोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही सुरक्षित फटका मारू दिला नाही. शेवटचा चेंडू रॉबिन याउंटने अंग झोकून देऊन झेलला. चार दिवसांनी ईस्टरचा रविवार. समोर टेक्सासचा संघ. शेवटचा, नववा डाव आला तेव्हा ब्रूअर्स 1 विरुद्ध 4 असे मागे होते. रॉब डीअरने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी केली आणि थोड्याच वेळात डेल स्वेमने दोन धावांचा होम रन मारून सामना 6-4 असा खिशात घातला. तो बारावा विजय. दुसऱ्या दिवशी शिकागोत तेरावा. एकही पराभव नाही.

त्या रविवारी घरी परतणाऱ्या मिल्वॉकीकराच्या मनात काय चालले असेल याची आपण कल्पना करावी. त्याला जाऊन "हे टिकणार नाही" असे सांगणारा मनुष्य त्याला शत्रूच वाटला असता. आणि तरीही ते टिकले नाही. चौदावा सामना गेला. मेच्या आरंभी 20 विजय, 3 पराभव अशी अवस्था होती. मग याच संघाने लागोपाठ 12 सामने घालवले. हंगामाअखेर 91 जिंकले, 71 हरले, आणि सात संघांच्या विभागात तिसरे आले. त्या वीस-तीनच्या पुढचा हिशेब मांडला तर 71 विजय आणि 68 पराभव भरतात. म्हणजे एक बरा, साधा संघ.

असे का व्हावे? लोक नेहमी कारणे देतात. खेळाडू फुगले, दडपण आले, दृष्ट लागली. थोडीफार कारणे खरीही असतात. त्यांचा मोठा फलंदाज पॉल मॉलिटर त्या वर्षी दुखापतीमुळे 162 पैकी 118 सामनेच खेळू शकला. परंतु मुख्य कारण शोधायला मिल्वॉकीला जायची गरज नाही. ते 1886 साली इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईबाप आणि मुले यांच्या उंचीची मोजमापे जुळवताना दाखवून दिले होते. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी उंच नसतात. उंचीला कोणी शाप दिलेला नसतो. आईबापांच्या अतोनात उंचीत काही भाग वंशाचा, काही भाग योगायोगाचा. मुलाच्या वाट्याला वंश येतो, योगायोग तसाच्या तसा येत नाही. तेरा विजयांतही काही भाग अंगच्या गुणांचा आणि काही भाग योगायोगाचा असतो. पुढच्या दीडशे सामन्यांत गुण बरोबर येतात. योगायोग येईलच असा करार नसतो.

योगायोगाचा भाग किती, हे मोजता येते का? येते. समजा, एक संघ नाणे उडवूनच जिंकतो किंवा हरतो. त्याने पहिले तेरा सामने जिंकण्याची शक्यता 8,192 मध्ये एक. आता समजा, संघ खरोखरच शूर आहे, शंभरात साठ जिंकणारा. त्यालाही हे साधण्याची शक्यता सुमारे साडेसातशेत एकच. तेव्हा तेरापैकी तेरा जिंकलेला कोणताही संघ आपल्या लायकीपेक्षा चांगला खेळलेला असतो, असे डोळे मिटून म्हणावे. लायकी तेवढी कोणाचीच नसते.

जाणकारांनी यावरून एक घरगुती नियम काढला आहे. संघाच्या सामन्यांत आपल्या पदरची 70 घालावीत, 35 जिंकलेली आणि 35 हरलेली, आणि मग प्रमाण काढावे. दुधाची प्रत कळेपर्यंत आपण त्यात पाणी धरूनच चालतो, तसे. तेरा विजयांत पस्तीस मिळवले की 48 झाले, सामने 83, प्रमाण शेकडा 58. उरलेल्या 149 सामन्यांत 86 विजय अपेक्षावेत. प्रत्यक्षात ब्रूअर्सनी 78 मिळवले. हा नियमदेखील उदारच ठरला, कारण त्यात आदल्या वर्षीचे 77-84 धरलेले नव्हते.

कोणी म्हणेल, तुम्ही पडलेल्यांचीच उदाहरणे देता. तर मग सर्वांत जिंकलेल्याचे घेऊ. 1984 साली डेट्रॉइटच्या टायगर्सनी पहिल्या चाळीसपैकी 35 सामने जिंकले. शेवटी 104-58 अशी नोंद करून सॅन डिएगोला अंतिम मालिकेत हरवून ते विजेते झाले. सुरुवात टिकली ना? टिकली असे सगळे म्हणतात. पण वजाबाकी करा. त्या चाळिसांनंतर त्यांचे 69 विजय आणि 53 पराभव आहेत. शेकडा 88 वरून शेकडा 57 वर. जो टिकला असे आपण म्हणतो, तोही इतका खाली आलेला असतो. फरक एवढाच की तो ज्या जमिनीवर उतरला ती उंच होती.

म्हणून "टिकेल का?" हा प्रश्नच आम्हांला थोडा चुकीचा वाटतो. कोठे उतरेल, असे विचारावे. आणि ते एप्रिलच्या गुणफलकावरून फारसे कळत नाही. त्याच्या मागे जावे लागते. सीॲटलच्या मरीनर्सचे पाहा. 2019 चा त्यांचा हंगाम टोकियोत दोन विजयांनी सुरू झाला, आणि त्यातल्या दुसऱ्या सामन्यानंतर थोर इचिरो निवृत्त झाले. संघाने पहिल्या पंधरापैकी तेरा जिंकले. पहिल्या वीसही सामन्यांत होम रन मारले, आजवर कोणी केले नव्हते असे. लोक वेडे झाले. पण त्याआधीच्या हिवाळ्यात याच संघाने कानो, डियाझ, पॅक्स्टन असे मोहरे दुसऱ्यांना देऊन टाकले होते, नवी बांधणी करायची म्हणून. घरातले दागिने मोडले असताना दारावरचे तोरण पाहून श्रीमंती ठरवू नये. वर्षअखेर 68 विजय, 94 पराभव, विभागात शेवटचा क्रमांक.

मागे जाऊन काय पाहायचे? एक म्हणजे धावांचा जमाखर्च. बिल जेम्स नावाचे गृहस्थ कॅन्सस राज्यात बीन्स डबाबंद करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. पहाऱ्यात वेळ फार. त्यांनी एक सूत्र काढले. काढलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा, पहिल्याला दोहोंच्या बेरजेने भागा. 800 धावा काढल्या आणि 700 दिल्या तर उत्तर सुमारे 0.566, म्हणजे 162 पैकी 92 विजय. एखादा संघ यापेक्षा फार जास्त जिंकत असेल, तर तो बहुधा एकेका धावेने जिंकत आहे असे समजावे. 2005 साली माँट्रिऑलहून वॉशिंग्टनला आलेला नॅशनल्स संघ पहिल्या 81 सामन्यांत 50-31 होता, बरेचसे विजय एका धावेचे. पुढच्या 81 मध्ये तो 31-50 झाला. बेरीज 81-81. हिशेबनिसाने मुद्दाम जुळवल्यासारखी.

दुसरे, पिचरच्या हातात खरोखर किती आहे ते. 2001 साली व्होरोस मॅक्रॅकन यांनी असे दाखवले की फलंदाजाला चेंडू हुकवायला लावणे, त्याला फुकट पहिल्या तळावर न जाऊ देणे, होम रन न देणे, हे पिचरचे कसब. पण चेंडू एकदा दांडक्याला लागून मैदानात पडला, की तो क्षेत्ररक्षकाच्या हातात जाईल की मधल्या मोकळ्या जागेत पडेल, यावर त्याची सत्ता फार थोडी. आजन्म खेळणाऱ्यांनाही हे पटायला वेळ लागला. मग एप्रिलात ज्याचे सगळे चेंडू झेलले जात आहेत त्या पिचरचे फार कौतुक करण्याआधी तो किती जणांना चकवतो ते मोजावे.

आता याच्या उलट बाजूची चूक. आमच्यासारखे गणिती बोलणारे ती नेहमी करतात. नशिबाने फार दिले आहे तेव्हा आता ते परत घेईल, असे आपण समजतो. तसे नाही. नशीब सावकार नव्हे. दिलेले ते वसूल करीत नाही. मिळालेले विजय मिळालेलेच राहतात. 1982 साली अटलांटाच्या ब्रेव्ह्जनीही पहिले तेरा सामने जिंकले. नंतर त्यांनी 76 जिंकले, 73 हरले, अगदी मध्यम खेळ. पण शेवटच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मॉर्गनने होम रन मारून लॉस एंजेलिसला हरवले आणि अटलांटाने विभाग एका सामन्याच्या फरकाने जिंकला. एका सामन्याच्या! त्या एप्रिलच्या तेरांतला कोणताही एक काढून घ्या आणि काय उरते ते पाहा. तेव्हा वसंतातली कमाई खोटी नसते. पुढेही त्याच दराने होईल ही समजूत तेवढी खोटी.

या साऱ्याचा उपयोग कोणाला? प्रेक्षकाला नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. ईस्टरच्या रविवारी त्याने टोपी उडवली ते बरोबरच केले. उपयोग आहे तो संघ चालवणाऱ्याला. कारण उन्हाळ्यात त्याला ठरवावे लागते की यंदाच्या विजयासाठी उद्याची तरुण मुले देऊन आजचा मुरलेला गडी आणायचा की नाही. पुन्हा 1987 च. ज्या विभागात ब्रूअर्स 20-3 होते, त्याच विभागात डेट्रॉइटचे टायगर्स मेच्या मध्याला 11-19 असे रडतखडत होते. त्यांनी धीर सोडला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा वयस्क पिचर आणला आणि बदल्यात जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा, मिशिगनमधलाच पोरगा दिला. अलेक्झांडर त्या हंगामात नऊ जिंकला, एकही हरला नाही. टायगर्स 98 विजयांसह शेवटच्या दिवशी विभागात पहिले आले. मग मिनेसोटाच्या ट्विन्सनी त्यांना चार-एक असे घरी पाठवले. आणि हे ट्विन्स कोण? वर्षभरात फक्त 85 सामने जिंकलेले, काढल्या त्याहून जास्त धावा दिलेले. त्यांनीच पुढे सेंट लुइसला हरवून जगज्जेतेपद घेतले. 91 जिंकणारे ब्रूअर्स घरी बसून ते पाहत होते. त्यांचा विभाग कठीण होता, ट्विन्सचा सोपा. जेम्स यांच्या सूत्राला त्या ऑक्टोबरमध्ये कोणी विचारले नाही.

अलेक्झांडर 1989 नंतर खेळला नाही. स्मोल्ट्झ अटलांटासाठी वीस वर्षे खेळला, 1995 च्या विजेत्या संघात होता, एकूण 213 सामने जिंकला आणि 2015 साली त्याला मानकऱ्यांच्या दालनात जागा मिळाली. डेट्रॉइटचा तो सौदा चुकीचा होता असे आता सगळेच म्हणतात. आम्हांला तसे म्हणवत नाही. त्या सप्टेंबरात अलेक्झांडरचा एखादाही पराभव त्यांना परवडला नसता, आणि स्मोल्ट्झ पुढे स्मोल्ट्झ होईल हे तेव्हा वीस वर्षांच्या स्मोल्ट्झलाही ठाऊक नव्हते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्न असल्यास खाली उतरून उत्तरे देऊ. बेसबॉलचे नियम पुन्हा विचारलेत तरी चालेल.